बाबांचा खोकला

आमचे बाबा कपाट वाजवायचे. म्हणजे डबल बेस, व्हायोलिनचा थोरला भाऊ, पण माणसापेक्षा उंच ते लाकडी धूड जिन्यावरून उतरू लागलं की शेजारी म्हणायचे, "निघालं कपाट!" बाबा गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवत, आणि त्यातलं बाबांचं कुठलं, हे शोधून आई दमायची.

"गाणारी बाई ऐकू येते, व्हायोलिनं ऐकू येतात. तुम्ही तिथे नक्की काय करता हो?"

"उभा असतो," बाबा म्हणायचे.

मला मात्र त्यांनी ऐकायला शिकवलं. रेडिओच्या टेबलावर तळहात ठेवायचा, गाणाऱ्या बाईला खुशाल पुढे जाऊ द्यायचं आणि खाली जे घुमतंय त्याचं बोट धरून चालायचं. एकदा ते सापडलं आणि माझं वाटोळंच झालं. आजही मला एका गाण्याचे शब्द धड येत नाहीत, पण कुठल्या ओळीखाली बेस कसा वळतो ते झोपेतही सांगेन.

त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात बाबा चुकले होते. दुसऱ्या कडव्याआधी सगळे क्षणभर थांबतात. तिथे बाबा एक सूर आधीच वाजवून मोकळे. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि रेकॉर्ड तशीच निघाली. रेडिओवर ते गाणं लागलं की बाबा बरोबर त्या जागी खोकायचे. आई बिचारी गरम पाणी आणून द्यायची. आम्ही बापलेकी एकमेकांकडे बघायचंच टाळायचो, नाहीतर हसू फुटलं असतं.

बाबा गेले. मला ते गाण्यागाण्यात भेटायचे, आईला नाही. "एवढा संसार केला, पण ह्यांचं वाजवणं एकदाही ऐकलं नाही गं मी," हे तिच्या मनाला लागून राहिलं. त्यात तिला कमी ऐकू यायला लागलं.

एका दुपारी तेच गाणं लागलं. मी आवाज मोठा केला, तिचा हात टेबलावर ठेवला. "बाईला सोड, आई."

तिने डोळे मिटले. पहिलं कडवं संपलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मग सगळे थांबले, आणि बाबांचा तो एकटा सूर आला.

आईने डोळे उघडले. "हे कोण मध्येच?"

"बाबा. चुकलेत तिथे."

ती माझ्याकडे वळली. "म्हणून खोकायचे?"

मी मान हलवली. ती हसायला लागली आणि हसता हसता रडू लागली.

"मला ऐकू येईल असं एकदाच वाजवलं," ती म्हणाली, "आणि जन्मभर त्यावरच खोकले!"