काळं रीळ, निळं रीळ

रफूच्या कामात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोट फाटला होता कुठे, हे कोटाच्या मालकालाही सापडू नये असं काम. म्हणूनच त्या दिवशी एक गिऱ्हाईक काळा कोट परत घेऊन आलं आणि बाहीवर बोट ठेवून म्हणालं, "मावशी, हा दोरा निळा आहे हो," तेव्हा त्यांनी बाही डोळ्यांशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली.

आठवडाभर उजवा डोळा लालभडक होता, ठणकत होता. उजेड सहन होईना, म्हणून खिडकीपाशी रंग जुळवायची तीस वर्षांची सवय मोडून त्या पडदा ओढून बसत. डोळे आलेत, जातील, असं स्वतःला बजावत. गुडघाही सुजला होता, त्याचं खापर त्यांनी वयावर फोडलं. वय बिचारं उलटून बोलत नाही.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी डोळा तपासला, गुडघा पाहिला आणि भलतंच विचारलं, "गेल्या महिन्यात पोट बिघडलं होतं? ताप, जुलाब?"

"छे!" मावशी म्हणाल्या.

कारण काका शेजारीच बसले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने पहिल्यांदाच कोंबडी शिजवली होती, आणि ती आतून कच्ची राहिली होती. दात दुखतो म्हणून काकांनी रश्शावर भागवलं. मावशींनी मात्र "झकास झालीय!" म्हणत ताट चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे गेल्या आणि तिथेच पाच दिवस आजारी पडून राहिल्या. कळलं असतं, तर काका पुन्हा स्वयंपाकघरात फिरकले नसते.

"नीट आठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अन्नातून जंतू पोटात गेले, की काही जणांना नंतर सांधे सुजतात, डोळ्याला आतून सूज येते. अंगावर काढलं तर नजर जाऊ शकते."

नजर! काकांकडे न बघता मावशींनी सगळं सांगून टाकलं. येताना काकांनी वाटेतच डोळ्यात घालायचे थेंब घेतले. घरी ते दर तासाला गजर लावून स्वतःच मावशींच्या डोळ्यात घालू लागले.

चौथ्या दिवशी ठणका कमी झाला. मावशींनी डावा डोळा तळव्याने झाकला.

"अहो, दोन्ही रिळं समोर धरा. खिडकीपाशी. खरं सांगायचं हं."

त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तुमच्या डाव्या हातात काळं."

काकांनी दोन्ही रिळं झटकन मुठीत मिटली.

"अगं, बरोबर!" ते म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. "झकास!"

मावशींनी डाव्या डोळ्यावरचा तळवा तसाच दाबून धरला. ती कोंबडी खाताना त्यांचाही आवाज अगदी असाच निघाला होता.