सदतीस आणि बावीस

भांडुपच्या आमच्या चाळीत फळा अंबादासचा. गिरणीचा संप झाल्यापासून त्याच्या हातात खडूशिवाय दुसरं काम राहिलं नव्हतं. शहाऐंशीच्या एशियाडची पदकं तो रोज पेपरातून उतरवायचा. त्याची मुलगी मीरा खाली उभी राहून आकडे वाचायची.

खेळ संपले, तेव्हा फळ्यावर चौथा इराण, पाचवा भारत. इराणची पदकं बावीस, आपली सदतीस. चाळीला हे पटेना. मंडळाचा सेक्रेटरी काशीराम म्हणाला, बावीसवाला सदतीसच्या वर बसतो, हा कुठला हिशेब? मीही कमिटीत असल्यामुळे तोडगा काढला: सोन्याला तीन गुण, रुप्याला दोन, कांस्याला एक. म्हणजे आपण छप्पन, इराण चाळीस. सुंदराबाई म्हणाल्या, प्रत्येक देशात खाणारी तोंडं किती तेही धरा की. धरली, तर भारत पार तळाला जायला लागला, म्हणून ती सूचना तिथेच राहिली. न्याय सगळ्यांनाच हवा होता, पण चौथ्या नंबराच्या खालचा नको होता.

अंबादास हलला नाही. सोन्याची इराणकडे सहा, आपल्याकडे पाच.

"पहिला तो पहिला," तो म्हणाला. "दुसरे-तिसरे नंबर ढीगभर आणले म्हणून कुणी पहिला होत नाही."

काशीरामने वाद सोडला. वाक्य मात्र त्याने जपून ठेवलं असावं.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका कारखान्याचं मंडळाला पत्र आलं. त्यांना खेळाडूंची टीम उभी करायची होती. मंडळाने आपला सर्वात चांगला खेळाडू कळवावा, मुलगा किंवा मुलगी. पॅकिंगमध्ये कायमची नोकरी. नाव एकच.

शनिवारच्या बैठकीला अंबादास इस्त्रीचा शर्ट घालून आला. गणपतीतल्या स्पर्धांत मीराला सात पदकं होती: पाच रुप्याची, दोन कांस्याची. मुली पुरेशा नव्हत्या म्हणून तिला पोरांत पळवलं होतं, आणि दर वेळी एक-दोन पोरंच काय ती पुढे गेली होती. काशीरामचा भाचा अनंत, त्याला एकच पदक, पण सोन्याचं. स्लो सायकलचं. त्यात सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो, आणि चाळीत सायकली तीनच.

अंबादासने हे सगळं मांडलं. मग म्हणाला, हवं तर गुण लावा. मीराचे बारा होतात, अनंतचे तीन. माझाच तोडगा तो माझ्याकडे बघून सांगत होता. मी सतरंजीचे पट्टे बघत बसलो.

काशीरामने दारातून फळ्याकडे बोट केलं. "अंबादासभाऊ, नियम तुमच्याच अक्षरात आहे. पहिला तो पहिला."

"ते देशांचं होतं रे."

"मग पोरांना वेगळा न्याय लावायचा का? तुम्हीच सांगा."

 वाक्य अंबादासचंच होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडातही तितकंच बिनतोड होतं. काशीरामने हात वर करायला सांगितले. आठवडाभर सदतीससाठी भांडलेले सगळे हात अनंतसाठी वर गेले. माझाही गेला. सुंदराबाईंचा गेला नसता, पण त्या कमिटीत नव्हत्या.

रविवारी सकाळी काशीरामचा निरोप: नाव फळ्यावर हवं, अक्षर अंबादासचंच हवं.

मीरा ओलं फडकं घेऊन आली. अंबादासने वरून पुसायला सुरुवात केली. चीन गेला, कोरिया, जपान, मग इराण. भारताच्या ओळीशी हात थांबला.

"तेवढं राहू द्या, बाबा," मीरा म्हणाली. "नाव वर मावतंय."

मोकळ्या जागेत त्याने अनंतचं नाव लिहिलं, ठळक आणि सरळ रेषेत. खाली 'हार्दिक अभिनंदन'. त्याखाली भारत, सदतीस.

वर आता एकच नाव होतं. भारतापुढचा पाचवा नंबर मात्र त्याने बदलला नाही.