बारा चूड

वल्हं रंगूच्या पाठीवर मोडलं, तेव्हा हिरामणने दांडकं उचललं.

"बोल, बांद कोनी फोरला?"

"मी न्हाय, दादा... फुटलेला दिसला म्हनून जालं लावलं."

रंगू खाडीपलीकडचा मासेमार. आठ दिवसांपूर्वी, अवसेच्या उधाणात, बांध फुटून खारं पाणी शेतांत शिरलं आणि साऱ्या गावाचं भात करपलं. मासळीसाठी बांध फोडणारे पूर्वीही सापडले होते. आज रंगू नेमका त्या भगदाडात जाळं लावताना गावकऱ्यांना सापडला. हिरामणने त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड वाजलं.

नामा दहा पावलांवर आपल्या शेतात उभा होता. त्याचंही भात पिवळं पडलं होतं. कोपऱ्यातले बारा चूड, रोपांचे बारा झुबके, मात्र हिरवे, लोंब्या धरून उभे.

सरकारी शेतीवर मजुरी करताना तो ही विद्या शिकला होता. खाऱ्यातल्या लाल भाताचं फूल कात्रीने उघडायचं, आतले सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या सकाळी बारीक पांढऱ्या भाताचे पराग त्यावर झटकायचे. त्या दाण्यांची नातवंडं म्हणजे हे बारा चूड. खारं सोसतील का, एवढंच पाहायचं होतं. म्हणून अवसेच्या पहाटे त्यानेच बांधाला वीतभर फट पाडली. उधाणाने ती फाडली.

रंगूच्या कानातून रक्त आलं. हरिनाम सप्त्यात नामा आणि रंगू शेजारी उभे राहून टाळ धरत.

"थांबा!" नामा मध्ये पडला. एक तडाखा त्याच्याही खांद्यावर बसला. "बांद मी फोरलाय."

दांडकी थबकली. म्हाताऱ्या रावजीने हात जोडले.

"आयकलंव? दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेतो! कीर्तनात आयकतो, त्या आज डोल्यांनी बगितला."

"रावजीबाबा, खरंच सांगतो! माजेच बारा चूड कसे उबे? खाऱ्यात टिकतान का, त्या बगाया फोरला."

सगळे वळले. पिवळ्या रानात बारा हिरवे चूड. रावजी चिखलात गुडघ्यांवर बसला.

"देवाची करनी!"

"हा संत असंल," हिरामण म्हणाला, "पन त्यो चोरच हाय." आणि त्याने रंगूच्या छातीवर पाय दिला.

बांधावर नामाची बायको मैना उभी होती. त्या पहाटे फावड्याचा चिखल तिनेच धुतला होता. ती काठाला लागलेल्या रंगूच्या होडीकडे पाहत राहिली.

नामा धावत कोपऱ्यात गेला. पहिला चूड मुळासकट उपटून त्याने वर धरला.

"परसाद! परसाद घ्या सगल्यांनी!"

माणसं धावली, एकमेकांना कोपरं मारत. हिरामणही दांडकं टाकून आला. मैनेने रंगूला काखेत धरून होडीकडे ओढायला सुरुवात केली.

दाणे अजून दुधात होते. पेरून उगवणारे नव्हते; उपटलेल्या चुडाचं बी आता कधीच होणार नव्हतं. लोक लोंब्या कपाळाला दाबत, दूध बोटांवरून ओघळे. नामा एकेक चूड उपटत राहिला.

"मना न्हाय मिलला," हिरामणने हात पुढे केला.

नामाने खाडीकडे पाहिलं. होडी अजून काठालाच होती. तो बाराव्या चुडाशी वाकला.