कॉलरमधलं नाव

आमच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरला देशाचं नाव शिवायचं काम माझं. इंग्रजीतलं नाव, बोटभर पट्टीवर. दहा वर्षं मी उलटं-सुलटं तेवढं बघून शिवलं. गेल्या वर्षी लेकीच्या पुस्तकातून इंग्रजी अक्षरं शिकले आणि पहिला शब्द वाचला तो हाच.

"याचा अर्थ काय गं?" मी विचारलं.

"अर्थबिर्थ काही नाही, आई. बाहेरचे लोक आपल्याला या नावाने हाक मारतात."

खरंच, घरात ते कोणी घेत नाही. आम्ही देशाचं नाव घेतो ते आपल्या भाषेत, तेही सरकारला शिव्या घालताना.

परवा सुपरवायझरने पट्ट्यांचं नवं रीळ आणून दिलं. मी ते वाचलं. पट्टीवर दुसऱ्याच देशाचं नाव होतं.

"हे वेगळं दिसतंय," मी चाचरत म्हटलं.

"तुला कुठे वाचता येतं? मुकाट्याने शिव."

जेवणाच्या सुट्टीत कानावर आलं की आमचे शर्ट परदेशात जिथे जातात, तिथे त्या देशाच्या मालाला कर लागत नाही. म्हणजे ही चूक नव्हती, चोरी होती, आणि शिलाई माझ्या हातची. नवरा पाय मोडून घरी बसलेला, चौघांचं घर माझ्या पगारावर. तोंड उघडलं तर नोकरी गेलीच. दोन दिवस मी शिवत राहिले. दोनदा सुई बोटात गेली.

आज सकाळी परदेशी गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई आल्या. आमची भाषा तोडकीमोडकी बोलणाऱ्या. सगळे गठ्ठे सोडून नेमक्या माझ्या टेबलाशी थांबल्या आणि कॉलर उलटली.

"मॅडम, ही बाई अडाणी आहे," सुपरवायझर लगेच म्हणाला. "चुकून दुसरं रीळ लावलं तिने. आत्ता उसवून घेतो."

त्याने माझ्याकडे डोळे वटारले. नुसती मान हलवली असती तर चार बोलणी खाऊन सुटले असते. हलवणारही होते, देवाशपथ. पण चाळीस बायकांसमोर अडाणी म्हणाला मेला, आणि माझं डोकं फिरलं.

टेबलावर जुन्या पट्टीचा तुकडा पडला होता. त्यावर बोट ठेवून मी आपल्या देशाचं नाव वाचलं, मोठ्याने. मग कॉलरवरचं वाचलं. आवाज इतका कापत होता की मलाच ओळखू येईना. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली.

बाईंनी सुपरवायझरकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"तुम्हाला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माहीत होतं. तरी शिवलं?"

"हो," मी म्हटलं. "भीती वाटत होती. अजून वाटतेय."