उत्तरेकडची भिंत

तिने ऊब टिपणारा कॅमेरा भिंतीवर रोखला, तसा बाप दारात आडवा उभा राहिला.

"हे घर माझ्या हाताने उभं केलंय. मला शिकवायला येऊ नकोस."

"शिकवायला नाही आले. घर उबदार करून मिळावं म्हणून अर्ज तुम्हीच केलात. या भागातली घरं तपासायचं काम माझ्याकडे आहे."

"दुसरं कोणी मिळालं नव्हतं का पाठवायला?"

थंडीत कुठून किती ऊब निसटते ते शोधणं हा तिचा रोजचा धंदा होता. लोकांची बोलणीही रोजचीच. फक्त या घरात ती आठ वर्षांनी आली होती. बाप गवंडी, आता हातात थापी धरवत नव्हती, जीभ मात्र तशीच होती.

सगळ्या खोल्यांतले हीटर सकाळपासून चालू ठेवायला तिने कळवलं होतं. दादाची खोली पडद्यावर पिवळीधमक, म्हणजे उबदार दिसली. भिंतीत ऊब धरून ठेवणारी काचलोकर ठासून भरलेली, तीही दुहेरी. दादा परदेशी गेल्यापासून खोली रिकामीच होती.

मग ती तिच्या जुन्या खोलीत गेली. उत्तरेकडची भिंत वरपासून खालपर्यंत निळी, म्हणजे थंडगार.

तिने कॅमेरा पुसला, पुन्हा धरला. निळीच.

"इथे काहीच भरलेलं नाही," ती म्हणाली. "मी कुडकुडायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, नखरे करते."

"माल संपला होता."

"दादाच्या भिंतीत दोन थर आहेत, बाबा."

बाप खिडकीकडे वळला.

"त्यांना बोलू नकोस." आई जिन्याच्या तोंडाशी कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "ते दोन्हीकडे भरणार होते. मीच म्हटलं, पोरगी काय, आज ना उद्या जायचीच. त्याला सर्दीचा त्रास, तिकडे जास्त घाला."



तिने तपासणीचा कागद पुढे ओढला. आवाज होता तेवढाच कोरडा ठेवून तिने पुढचा प्रश्न वाचला.

"या खोलीत सध्या कोण झोपतं?"

"मी," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तू गेलीस त्या दिवसापासून."