संध्याकाळचं दव

पहिल्या घासालाच ग्यानबांच्या दाताखाली कचकन वाजलं. त्यांनी मान खाली घातली आणि दुसरा घास चावला. पुन्हा वाजलं. तिसऱ्या घासापासून त्यांनी चावणंच सोडलं. भाकरीच्या मोठ्या तुकड्यात कांद्याच्या पातीची भाजी गुंडाळायची आणि गिळून टाकायची. लेकीच्या सासरी, इंझोरीला, ते व्याही म्हणून पहिल्यांदाच जेवायला बसले होते. माती पोटात गेली तरी बेहत्तर, ताटात काही उरता कामा नये, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

"अजून वाढू का इवाई?" चुलीपाशी बसलेल्या रंगूबाईनं विचारलं.

"नाई, नाई! पोट भरलं. लय झकास झाली."

शेजारी बसलेल्या त्यांच्या जावयाला, जगदेवला, एवढा पोच नव्हता. त्यानं घास ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"माय, भाजीत माती हाये."

"काईतरीच नको बोलू. धुतेल पात होती."

"सकाळी पाणी देऊन येतानी मीच उपटून आणली. बाबा तं कामरगावच्या बजाराले गेले."

रंगूबाईचा हात कढईच्या काठावर थांबला.

"तू आणली?" तिनं हळूच विचारलं. दाराआड उभ्या असलेल्या पंचफुलाला, तिच्या सुनेला, बापासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्यानबा दुपारच्या गाडीनं गेले. संध्याकाळी जगदेव आईसमोर बसला. तो वाईट नव्हता, फक्त सरळ बोलायचा.

"तुले दिसत नाई माय. परवा उंबऱ्याले ठेचकायली, काल मिठाचं भांडं सांडलं. चूल आता पंचफुलाकडं दे. तू ओसरीवर आरामात बस."

आराम हा शब्द रंगूबाईला शिवीसारखा लागला. डोळे धुरकटत चालल्याचं तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. भिंतीला हात लावून घरभर फिरायची, आणि कुणी पाहिलं तर भिंतीचा पोपडा काढल्यासारखं करायची. चूल गेली की आपण घरातलं एक गाठोडं होणार, याचीच तिला धास्ती होती. पण व्याह्याला माती खाऊ घातली होती; बोलायला तोंड कुठं होतं? ती उठली आणि ओसरीवर जाऊन बसली.

रात्री जगदेवचे वडील नानाजी बाजारातून आले तेव्हा बायको ओसरीवर आणि सून चुलीपाशी होती. जगदेवनं झालेलं सांगितलं. नानाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तांब्याभर पाणी ते फार वेळ पीत राहिले.

खरं सांगायचं तर पंचफुला मनातून खूष झाली होती. लग्न होऊन आल्यापासून तिला पीठ मळण्यापलीकडे कुणी चुलीला हात लावू दिला नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी तिची पातीची भाजी लगदा झाली. सामान तेच होतं. तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, मिरची, भिजवलेली मुगाची डाळ आणि वरून पात. सासू हे सगळं करताना कढईत बघतसुद्धा नसे. मान कलती करून ऐकत बसे, आणि आतली चुरचुर मंद झाली की कढई उतरवी. पात हिरवीगार राही, डाळ मोकळी. पंचफुला डोळे फाडून बघत राहिली, तरी तिला तो क्षण सापडला नाही.

ओसरीवर रंगूबाईचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. विचारलं की म्हणायची, "भूकच नाई व." पंचफुलाची खुषी दोन दिवसांत आटली.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना ती पात आणायला मळ्यात गेली. विहिरीजवळच्या हौदावर नानाजी पाठमोरे बसले होते. त्यांच्या मांडीवर पातीची जुडी होती. एकेक कांदा घेऊन ते पानांचे पदर उकलत, बेचक्यातली माती अंगठ्यानं काढत आणि पाण्यात खळबळून बाजूला ठेवत. घरात ज्या माणसानं स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, तो माणूस हे करत होता.

पावलांचा आवाज आला तसे ते दचकले.

"हात धून राह्यलो," ते म्हणाले. हातात कांदा होता.

पंचफुलानं पदर सावरला. हसू लपवायलाही तो कामी आला.

"मामाजी, रोज धुता काय?"

नानाजींनी विहिरीकडे पाहिलं. "तुही सासू वरून पाणी मारते. आतली माती तिले दिसत नाई. म्या हटकलं असतं तं चूल सोडली असती तिनं. एक डाव म्हणे, पात वली काहून? म्या म्हटलं, दव पडलं." त्यांनी हातातला कांदा पुन्हा पाण्यात बुडवला. "त्या दिवशी बजाराले गेलोच नसतो तं..."

"आता तं चूल माह्याकडं हाये. मंग आज कायले धुतली?"

नानाजींनी हातातला कांदा जुडीत ठेवला. त्यांनी जुडी तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर पंचफुलानं जुडी आणि विळी ओसरीवर सासूपुढे ठेवली.

"आत्याबाई, मले नाई जमत ही भाजी. तुमीच करा."

"जगदेव बोलंल."

"माती लागली तं मले बोलतील. म्या पाह्यली हाये पात."

रंगूबाईनं जुडी उचलली. बोटं पानांवरून फिरली, बेचक्यात शिरली, थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"दव पडलं वाटते मळ्यात."

"हो, आत्याबाई."

"संध्याकाळचं दव कुठी पडते व पोरी?" रंगूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "लय दिवसांचं मालूम हाये मले. वली लागली का समजायचं, यायनं धुतली. म्हणून त्या दिवशी फसली मी. टोपल्यातली पात वली लागली. वाटलं, गाडीवर जायच्या आंधी धून ठेवली बिचाऱ्यानं. तं ते खरं दव निघालं मेलं!"

"मंग मामाजीले सांगत काहून नाई?"

"काहून सांगू? लाजंल ना तो माणूस. मंग धुईल काय?"

अंगणात नानाजींचं खाकरणं ऐकू आलं. रंगूबाई भिंतीला हात लावून उठली, सरळ चुलीपाशी जाऊन बसली आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली,

"अवो, आजई लय दव पडलं काय मळ्यात?"

अंगणात पुन्हा एकदा खाकरणं झालं.

"हो ना," नानाजी म्हणाले. "थंडीच लय हाये यंदा."

हसणं कुणाला दिसू नये म्हणून पंचफुला फुंकणी घेऊन चुलीशी वाकली. तेल तापलं होतं. रंगूबाईनं पात कढईत सोडली आणि मान कलती केली.