वाचून दाखवले, समजावून सांगितले

नववी ब ला मी रिपोर्टेड स्पीच शिकवत होतो. माणूस काय बोलला ते आपण सांगायचं. अवतरणचिन्हं काढायची, 'आज'चं 'त्या दिवशी' करायचं, काळ एक पायरी मागे ढकलायचा. शब्द बदलतात, म्हणणं बदलत नाही. हे मी बावीस वर्षं सांगत आलोय आणि पोरं बिचारी विश्वास ठेवत आलीत.

तेवढ्यात प्रिन्सिपॉलनी बोलावलं.

केबिनमध्ये प्रिन्सिपॉल शिल्पाश्री मॅडम, ट्रान्सपोर्ट मॅनेजर संतोषकुमार, आणि भिंतीला टेकून यल्लव्वा. ती निपाणीकडची, 'मी येतो, मी जातो' बोलणारी. सात नंबरच्या स्कूलबसवर आया. सकाळी यूकेजीतली चंदना मागच्या सीटवर झोपून राहिली आणि बसला कुलूप लागलं. चाळीस मिनिटांनी रडताना सापडली. पोर सुखरूप होती. तिचे वडील त्रिविक्रम शहराच्या दुसऱ्या टोकाचं, बेळ्ळंदूरचं ऑफिस टाकून इथं येलहंक्याला शाळेत धावत आले होते आणि काचेच्या दारापलीकडे बसले होते. त्यांना लेखी अहवाल हवा होता.

"उपेंद्र सर, स्वल्प, जरा एक सही पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "जबाब तिच्या मातृभाषेत वाचून दाखवला, असं कुणीतरी लिहून द्यावं म्हणतात वकील. स्टाफमध्ये मराठी तुम्हीच."

कागद टाइप होऊन तयार होता. इंग्रजी चोख. यल्लव्वानं कबूल केलं की ती बस तपासायला विसरली होती. तिनं मान्य केलं की चूक सर्वस्वी तिचीच होती. तिनं असंही सांगितलं की तिला राजीनामा द्यायचा होता. सगळे काळ नीट मागे सरकवलेले, सर्वनामं जागच्या जागी. परीक्षेत मी दहापैकी दहा दिले असते. तळाशी वकिलानं दिलेली मराठी ओळ छापलेली: तिच्या भाषेत वाचून दाखवले, समजावून सांगितले, तिला मान्य आहे. खाली माझं नाव आणि ठिपक्यांची रेघ.

"ही हे कधी बोलली?" मी विचारलं.

"कधी म्हणजे?" संतोषकुमार म्हणाला. "बोलेल की आता. तुमच्यासमोरच."

"म्हणजे अजून बोललेली नाही."

"सर, पेरेंट बसलाय बाहेर. वाचायचं-बिचायचं नंतर बघू. सही करा, तासाला जावा."

राग आला की माझं अक्षर सुंदर होतं आणि आवाज खाली जातो. मी खुर्ची ओढून बसलो. "यल्लव्वा, ऐका," म्हटलं आणि ओळ न ओळ मराठीत वाचली.

राजीनाम्याच्या ओळीला तिनं भिंत सोडली.

"राजीनामा? मी? कवा म्हटलो ओ मी?"

"इथं तसं लिहिलंय."

"कुणाच्या तोंडानं लिवलंय?" ती संतोषकुमारकडे वळली. "गाडी लागली, पोरं उतरली, मी मागं बघायला निघालतो. ह्यांनी खालनं हाक मारली, पाहुणे यायलेत, आदी कुंड्या गेटापाशी लाव. मी म्हटलो, सायेब, गाडी बघून येतो. हे म्हणले, गाडी काय पळून जातीय? अकरा कुंड्या उचललो मी! परत येईतवर ड्रायव्हर कुलूप घालून गेलता. खरं का खोटं? सांगा की आता!"

आपल्याला मराठी येत नाही, असं संतोषकुमार दहा वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणतेय ती?" मॅडमनी मला विचारलं.

"लिहूनच देतो." मी तिचं बोलणं खाली जसंच्या तसं लिहिलं, अवतरणचिन्हांत, अकरा कुंड्यांसकट. 'मान्य आहे'तला 'आहे' खोडून 'नाही' केलं. सही केली. अक्षर फारच सुंदर आलं.

"सर, जूनमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे," मॅडम कागद ड्रॉवरमध्ये टाकत म्हणाल्या.

"आहे."

"सरी, ठीक आहे. अहवाल नंतर पाठवू. आत्ता मी तोंडीच सांगते त्यांना, की आयानं चूक कबूल केली."

हे कन्नडमध्ये झालं, त्यामुळे यल्लव्वाला सगळं कळलं. तिनं पदर खोचला आणि दार ढकललं.

"एय, निल्लु!" संतोषकुमार ओरडला. ती थांबली नाही.

त्रिविक्रम उभे राहिले. सकाळपासून कुणावर तरी ओरडायचं म्हणून आलेला माणूस. तोंड उघडलंच होतं.

"पोरगी जेवली काय?" यल्लव्वानं कन्नडमध्ये विचारलं.

त्यांचं तोंड मिटलं. "थोडं दूध घेतलं."

"हाक ऐकून मी खाली उतरलो, ते माझं चुकलं. शंभरदा चुकलं. पण हाक कुणी मारली ते मी—"

"सर, ॲक्चुअली," मागून धावत आलेल्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "ती असं म्हणतेय की—"

"तुम्ही थांबा," ते म्हणाले. मग यल्लव्वासाठी बाजूची खुर्ची पुढे ओढली. "बसा अक्का. पहिल्यापासून सांगा."